तीन वाजताचा पारा

नाना कुणाला ‘कसं काय’ असं कधी विचारत नसत. रस्त्यात भेटोत, लग्नात भेटोत, नाहीतर कुणाच्या दहाव्याला, त्यांचा प्रश्न एकच: ‘तुमच्याकडे काल तीन वाजता पारा किती होता?’ आता त्या काळी जळगावात कुणाच्या घरी पारा असणार? लोक म्हणत, नाना, घाम निघाला एवढं कळलं. त्यावर नाना गंभीरपणे विचारत, किती निघाला?

नाना म्हणजे आमचे घरमालक. इंग्रजांच्या अमदानीत कुठल्याशा खात्यात ओव्हरसियर होते. सगळा खानदेश घोड्यावरून पालथा घालून पेन्शनीत आलेले. बायको फार लवकर गेली, मूलबाळ नाही. डोक्यावर सोला टोपी, अंगात बंडी, गळ्यात दोरीने अडकवलेली बांबूची नळी आणि नळीत कापसात गुंडाळलेला थर्मामीटर. आळीतली पोरं त्यांना पारेवाले नाना म्हणायची. मीही मनातल्या मनात तेच म्हणायची, खोटं कशाला बोलू.

मी तेव्हा एकवीस वर्षांची. हे कापसाच्या जिनात कारकून. नानांच्या आवारात तीन बिऱ्हाडं होती, एक पत्र्याचं, एक कौलांचं आणि एक धाब्याचं. धाब्याचं म्हणजे लाकडी सरांवर काटक्या, पाला आणि वर हातभर जाड मातीचं सपाट छप्पर, आमच्याकडची जुनी रीत. धाब्याखाली नाना स्वतः राहत. खोली बघायला गेलो तर भाड्याचं राहिलं बाजूला, नाना पत्र्याच्या खोलीसमोर उभे राहून म्हणाले, ‘ही वैशाखात दिवसाला अकरा घागरी पिते आणि पौषात तेरा गौऱ्या खाते. ती कौलांची आठ पिते, नऊ खाते. माझी चार पिते, चार खाते. आता बोला.’

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मला वाटलं, म्हातारा विहिरीच्या पाण्यावरून आधीच बजावतोय. ह्यांना वाटलं, डोक्यात काहीतरी बिघाड आहे. पण पत्र्याची खोली नवी, उजेडाची, दिसायला झोकदार. कौलांचं बिऱ्हाड भरलेलं होतं. नाना म्हणाले, हवं तर मी माझी धाब्याची देतो. त्यावर हे मला बाजूला घेऊन म्हणाले, धाब्यातच राहायचं तर चाळीसगावाकडचं आमचं खेडं काय वाईट होतं? आम्ही पत्रा घेतला.

हळूहळू मला त्यांचा हिशेब कळला. प्रत्येक घराला उन्हाळ्यात तहान लागते आणि हिवाळ्यात भूक, असं नानांचं म्हणणं. भर वैशाखात दुपारी तीन वाजता आत माणसाला धड बसता यावं म्हणून वाळ्याच्या ताट्यांवर आणि जमिनीवर जेवढं पाणी शिंपावं लागेल, तेवढी त्या घराची तहान. पौषातल्या पहाटे दात वाजू नयेत म्हणून शेगडीत जेवढ्या गौऱ्या लागतील, तेवढी त्याची भूक. ही तहानभूक घर बांधायच्या आधी सांगता आली पाहिजे, याचा त्यांनी ध्यास घेतला होता. बांधल्यावर काय, कुणीही सांगेल, म्हणायचे.

आधी सांगायचं म्हणून ते धाब्यावर गुडघ्याएवढी घरं बांधायचे. खऱ्या मातीच्या, खऱ्या विटांच्या भिंती, वर पत्र्याचा तुकडा नाहीतर कौल, काडेपेटीएवढी खिडकी, खिडकीत वाळ्याच्या चार काड्या. भिंतीला भोक पाडून आत थर्मामीटर. मग उन्हात बसून वाटी वाटी पाणी शिंपडत पारा किती उतरतो ते बघायचं, घर पश्चिमेला फिरवून पुन्हा बघायचं, भिंत बोटभर जाड करून पुन्हा. वाट्यांवरून घागरी काढायच्या. आळीतल्या बायका म्हणायच्या, नानांची भातुकली चालली आहे. मलाही हसू यायचं. पण तुम्हाला सांगते, त्या भातुकलीवरून काढलेला आकडा खऱ्या घरात सहसा एका घागरीपलीकडे चुकत नसे.

हिवाळ्यात तर त्यांनी कहरच केला होता. वही घेऊन दारोदार फिरायचे आणि बायकांना विचारायचे, काल शेगडीत किती गौऱ्या जळल्या? कोपऱ्यावरच्या एका काकूंना वाटलं, सरकार आता गौऱ्यांवर पट्टी बसवणार. त्यांनी सगळ्या गौऱ्या रातोरात माडीवर नेऊन टाकल्या आणि दुसऱ्या दिवशी सांगितलं की आमच्याकडे थंडी वाजतच नाही. नानांनी ते प्रामाणिकपणे वहीत लिहिलं आणि पुढे आठवडाभर त्या घराच्या भिंती ठोकून बघत बसले.

गावातल्या एका मारवाडी शेटजींनी नवं घर काढलं. पश्चिमेला काचांच्या मोठमोठ्या खिडक्या, मुंबईहून मागवलेल्या. नाना न बोलावता गेले आणि म्हणाले, शेटजी, तुमचे आजोबा तिकडे मारवाडात ज्या घरात राहत त्याच्या भिंती किती जाड होत्या? शेटजींनी दोन्ही हात पसरून दाखवले. मग ते आजोबा शहाणे की तुम्ही, असं विचारून नाना चालू लागले. जाताना तहान सांगून गेले, चाळीस घागरी. पुढच्या ज्येष्ठात शेटजींनी त्या खिडक्या विटांनी बुजवल्या आणि नानांकडे लाडवांचं ताट पाठवलं. नानांनी लाडू आम्हाला वाटले आणि उलट निरोप धाडला, लाडू नकोत, एक दिवस मला तुमच्या दिवाणखान्यात पारा टांगू द्या.

त्यांच्या ओसरीवर खांबाला सुतळीने एक वही बांधलेली असे. कुणीही वाचावी. दिवसाला तीन रकाने, सकाळी सहा, दुपारी तीन, रात्री नऊ. रकाना कधी रिकामा नसे. एकदा हिवतापाने फणफणले होते, तरी भिंत धरत धरत तीन वाजता पारा बघून आले, आणि आकड्याशेजारी लिहिलं, ‘वाचणाऱ्याचा ताप धरू नये.’ माझ्या भावाच्या लग्नात, धुळ्याला, जेवणाची पंगत अर्धी टाकून उठले. व्याही घाबरले, काही चुकलं की काय. मी म्हटलं, काही नाही, तीन वाजले. घरी पाहुणे आले की तीनला दहा मिनिटं कमी असताना सगळ्यांना अंगणात काढायचे. चार माणसं बसली की खोली अर्धा अंश चढते म्हणे. ह्यांना तर दर रविवारी दुपारच्या झोपेतून उठवून बाहेर काढत. हे चडफडत, पण निघत.

आता जे सांगायचं ते सांगते.

माझं पहिलं बाळंतपण माहेरी, धुळ्याला झालं होतं. मुलगी. वैशाखाचे दिवस. अठरा दिवस राहिली आणि गेली. आधी दूध ओढेनाशी झाली, मग रडेनाशी झाली, मग अंग विस्तवासारखं झालं. कुणी म्हणालं दृष्ट, कुणी म्हणालं आईचं दूध बाधलं. दूध बाधलं हे मी वर्षानुवर्षं मनात धरून होते. दुसऱ्यांदा दिवस राहिले ते जळगावात, नानांच्या पत्र्याखाली, आणि बोटं मोजली तर पुन्हा वैशाखच. आईची तब्येत बरी नव्हती, तेव्हा बाळंतपण इथेच करायचं ठरलं आणि चाळीसगावाकडून सासूबाई आल्या.

माघात एक दिवस नाना अंगणात त्यांच्या एका चिमुकल्या घराला लिंपत होते. मी धुणं वाळत घालत होते. त्यांनी सहज विचारलं, जसं ते सगळ्यांनाच विचारत, तुझ्या माहेरचं घर कसं आहे गं? मी सांगत गेले, बोलता बोलता पहिलीचंही सांगून गेले. एकवीटी भिंत, खिडकी एक, तीही पश्चिमेला, वर पत्रा. पत्रा केव्हा घातला? मी म्हटलं, प्लेगच्या वेळी, माझ्या जन्माआधी. आजोबा सांगायचे, एक ओव्हरसियर आला होता, तो म्हणाला धाब्याच्या मातीत उंदीर घर करतात, धाबी उतरवा, पत्रे घाला.

नानांचे चिखलाचे हात तसेच राहिले. मग त्यांनी विचारलं, पहिली त्याच खोलीत गेली का? मी मान हलवली.

‘तो ओव्हरसियर मी असेन,’ नाना म्हणाले. ‘नसलो तर माझ्यासारखाच कुणी असेल. आम्ही गावंच्या गावं उघडी केली. उंदीर गेले, तेवढं बघितलं. खाली पारा किती चढतो ते कुणीच बघितलं नाही.’

मी कशी कोण जाणे, धीर करून विचारलं, नाना, त्या खोलीत तेव्हा किती असेल? आख्ख्या गावाला न विचारता आकडा सांगणारा तो माणूस मान खाली घालून म्हणाला, ‘तो आकडा मी काढणार नाही. पण तुझं दूध बाधलं नव्हतं, पोरी. एवढं मी पारा न लावता सांगतो.’ मी तशीच आत गेले आणि पदर तोंडात धरून रडले. चार वर्षांत कुणी मला हे सांगितलं नव्हतं. हे उपकार मी कसे फेडणार होते?

चैत्र संपता संपता नानांनी आपलं सामान उचललं आणि आमच्या पत्र्याखाली येऊन राहिले. आपली धाब्याची खोली त्यांनी मला बाळंतपणाला दिली. हे नको नको म्हणाले, तर नाना म्हणाले, पत्र्याखाली माणूस राहिला तर काय होतं ते माझ्या वहीत नाही, मला अभ्यासाला हवंच होतं. साठी उलटलेला माणूस! महिनाभर डोक्यावर ओला पंचा घेऊन भट्टीत बसल्यासारखे बसले. पाठ घामोळ्यांनी भरून गेली. हे त्यांना दुपारी ताक नेऊन द्यायचे.

धाब्याच्या खोलीसाठी त्यांनी आधी चिमुकलं घर बांधलं, पंधरा दिवस पाणी शिंपडलं आणि सांगितलं, बाहेर कितीही चढो, तीन वाजता या खोलीत एकोणनव्वदच्या वर पारा जाणार नाही. फॅरनहाइटचे अंश हे, तेव्हा तेच चालायचे. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून ताटी तिच्या खिडकीला लावायची नाही, पलीकडच्या पडवीच्या दाराला लावायची, म्हणजे गारवा आडून येईल. सासूबाईंनाही खोली पसंत पडली, कारण ती अंधारी होती. उशाशी नानांनी एक थर्मामीटर टांगला आणि मला वाचायला शिकवलं. ते खोलीत येणार नव्हते, म्हणून रोज तीन वाजता खिडकीबाहेरून विचारायचे आणि मी आतून सांगायचं असं ठरलं.

मुलगी झाली. पुन्हा मुलगीच, पुन्हा वैशाखातच. दुसऱ्या दिवशी तीन वाजता खिडकीतून आवाज आला, पारा किती? मी सांगितलं, पंचाण्णव. नाना पुन्हा म्हणाले, नीट बघ. नीट बघितलं, पंचाण्णव. नानांनी ताटीवर दोन घागरी जास्तीच्या मारल्या. तिसऱ्या दिवशी पुन्हा पंचाण्णव. त्यांनी थर्मामीटर बदलून पाठवला. चौथ्या दिवशी सकाळी धाब्यावर चढून भेगा बुजवल्या, भिंतीला कान लावून बसले, आणि तीन वाजता शहाण्णव. त्या दुपारी पोरगी दूध ओढीना. दोन घोट घ्यायची आणि मान टाकायची. हे मी आधी पाहिलेलं होतं.

नाना खिडकीच्या अगदी जवळ आले. म्हणाले, ‘पोरी, खोलीत काय काय आहे ते सांग. एकूण एक सांग. गाळू नकोस.’

मी सांगायला लागले. बाज. पाळणा. पाण्याचा हंडा. कोपऱ्यात सूप, त्यात बाळाचे कपडे. खुंटीवर माझं लुगडं. भिंतीतला दिवा. बाजेखाली शेगडी.

‘काय?’

‘शेगडी.’

‘पेटलेली?’

‘पेटलेलीच की,’ मी म्हटलं. ‘शेकायची.’

तुम्ही म्हणाल, एवढे दिवस सांगितलं का नाही? अहो, शेगडी ही सांगायची गोष्ट आहे हे मला सुचलंच नाही! बाळंतिणीच्या बाजेखाली निखारे असायचेच, खोलीला दार असतं तसे. माझ्या आईने ठेवले होते, तिच्या आईने ठेवले होते. आणि नानांना सुचलं नाही, कारण त्यांच्या घरी कधी पाळणा हलला नव्हता. गावभरच्या शेगड्या मोजल्या त्यांनी, पण पौषात. वैशाखात घराला भूक लागू शकते हे त्यांच्या वहीत कुठे नव्हतंच. चार माणसांचा अर्धा अंश धरणारा माणूस, आणि अख्खी शेगडी सुटली.

मला वाटलं, आता सासूबाईंशी कडाक्याचं भांडण होणार. सासूबाई काही ऐकून घेणाऱ्यातल्या नव्हत्या. पण नाना ओसरीवर येऊन खाली बसले. टोपी काढून बाजूला ठेवली. दार उघडं होतं, मला सगळं ऐकू येत होतं. ते म्हणाले, अक्का, बाळंतिणीला शेक पाहिजे ना? सासूबाई म्हणाल्या, ‘लागसच. मले लागना, मनी मायले लागना.’ त्यांची अहिराणी ती: लागतोच, मला लागला, माझ्या आईला लागला. नाना म्हणाले, बरोबर आहे. मग शेक पुरेसा आहे की नाही ते तुमच्या तुपालाच विचारू. वाटीभर तूप बाळंतिणीच्या उशाशी ठेवा आणि शेगडी बाहेर घ्या. तूप थिजलं तर शेगडी आत. मी स्वतः निखारे फुंकून देईन.

सासूबाई हसल्या. अडाणी पुरुषाला हसतात तशा.

‘वैशाखमा तूप कधी थिजस का, नाना?’

आतून मला सासूबाईंची पाठ दिसत होती. आपण काय बोललो ते त्यांच्या कानात उतरायला थोडा वेळ लागला. मग त्या वळल्या, खोलीत आल्या, बाजेखाली वाकल्या, आणि पदराने धरून शेगडी बाहेर ओढली. उंबऱ्यापाशी ती हातात धरून उभ्या राहिल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, ‘मना बी दोन गयात. वैशाखमाच.’

लग्नाला पाच वर्षं झाली होती, आणि सासूबाईंच्या त्या गेलेल्या दोन बाळांबद्दल मी पहिल्यांदाच ऐकत होते. ह्यांनाही ठाऊक नव्हतं. संध्याकाळी ओव्याच्या धुरीपुरता एक निखारा ठेवायचाच, असं त्यांनी नानांना बजावलं. नानांनी तो मान्य केला आणि गणितात पाव अंश वाढवला.

पाचव्या दिवशी तीन वाजता मी खिडकीतून सांगितलं, एकोणनव्वद. बाहेर नाना एवढ्या जोरात ‘बघा!’ म्हणाले की कौलांच्या बिऱ्हाडातले लोक धावत आले. त्या संध्याकाळी पोरगी दूध प्यायला लागली. तरी माझ्या मनातून भीती जाईना. दिवस मोजत होते. बारसं झालं, सगळे जेवून गेले, माझं लक्ष अठरावर. अठरावा दिवस उजाडला तेव्हा मी तिला मांडीवरून खाली ठेवलंच नाही. सासूबाईंनी दोनदा मागितली, दिली नाही. हे मी कुणाला बोलले नव्हते. अठरा दिवस हा आकडा माघात, धुणं वाळत घालताना मी एकदाच सहज उच्चारला असेन.

एकोणिसाव्या दिवशी बाहेर आग ओतत होती. मी थर्मामीटर वाचून तयार होऊन बसले होते. तीन वाजले. खिडकीबाहेर नानांची पावलं आली, थांबली. बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटलं, म्हाताऱ्याला ऊन लागलं की काय.

मग नाना म्हणाले, ‘आज पारा राहू दे. पोरीचा आवाज ऐकव.’

पोरगी गाढ झोपली होती. मी तिच्या तळपायाला चिमटा काढला, आणि तिने जो सूर लावला! सासूबाई ओरडत आल्या, काय झालं, काय झालं. मी रडतेय, पोरगी रडतेय. खिडकीबाहेर नाना तसेच भर उन्हात उभे होते. ती गप्प होईपर्यंत उभे होते. मग ताटीवर पाणी मारल्याचा आवाज आला.

ती पोरगी आता भुसावळला असते, स्वतः आजी झाली आहे. नाना स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी गेले. त्यांचा एक थर्मामीटर अजून माझ्या उशाशी टांगलेला आहे आणि दुपारी तीनला माझी नजर तिकडे आपोआप जाते. देवाचे आभार मी रोज मानते, आणि त्याच दमात नानांचेही मानते. देवाला राग येत असला तर येवो.

तेव्हा, बाळंतपणाचा सव्वा महिना झाल्यावर, मी ओटी भरून खोलीबाहेर आले. पोरीला घेऊन ओसरीवर नानांच्या पाया पडले. ते नेहमीसारखे पोरीकडे कमी आणि आढ्याकडे जास्त बघत होते. उठताना माझी नजर खांबाच्या वहीवर गेली. पानं उलटली. सगळे रकाने भरलेले, सहाचा, तीनचा, नऊचा, त्यांच्या त्या मुंगीएवढ्या अक्षरात. फक्त एकोणिसाव्या दिवशी तीनच्या रकान्यात आकडा नव्हता. तिथे लिहिलं होतं, ‘रडली.’